वाचक विचारतात : बातमी कोणाची, पैसा कोणाचा?

मागच्या अंकात संपादकांनी ‘बातम्यांविषयी तुम्हाला जे खुपतं ते लिहून पाठवा’ असं आवाहन केलं आणि उत्तरं द्यायला मला बसवलं. पत्रं जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून आली, बहुतेक चिडलेली. मी जळगावात दैनिकांच्या डेस्कवर उपसंपादक होते, बरीचशी नोकरी रात्रपाळीत गेली. तेव्हा तालुक्याच्या बातम्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलेल्या लिफाफ्यातून यायच्या. आता व्हॉट्सॲपवर येतात, खाडाखोड मात्र तितकीच करावी लागते म्हणे. तर ही उत्तरं डेस्कवरच्या बाईची आहेत. फिल्डवरच्या मित्रांना ती सगळी पटतील असं नाही. बहुतेकांनी ‘नाव छापू नका’ असं बजावलंय, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, विधानसभेच्या वेळी आमच्या घरी दोन पेपर येत होते. एका दिवशी दोघांतही एकच बातमी, शब्द न् शब्द सारखी : अमक्याच्या प्रचारफेरीला उत्स्फूर्त प्रतिसाद. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर त्याच्या विरोधकाला उत्स्फूर्त प्रतिसाद. आम्ही समजायचं काय?
– वाचक, पारोळा

जागा विकली होती, आणि दोन्ही गिऱ्हाइकांना विकली होती, एवढंच समजायचं.

महाराष्ट्राने हे पहिल्यांदा उघड्यावर पाहिलं ते २००९ च्या विधानसभा निवडणुकीत. पत्रकार पी. साईनाथ यांनी वेगवेगळ्या मराठी दैनिकांतला तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा मजकूर शेजारी शेजारी ठेवून दाखवला. वाक्यं तीच, लिहिणारे मात्र वेगवेगळे. त्यांच्या निवडणूक खर्चाच्या हिशोबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींपुढे आकडा होता ५,३७९ रुपये. प्रकरण निवडणूक आयोगाकडून कोर्टात गेलं आणि २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला, हेही सांगायला हवं. त्याआधी वृत्तपत्रांवर नजर ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुर्ता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली होती. त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला, वृत्तपत्रांच्या नावांसकट. कौन्सिलने २०१० मध्ये त्याचा त्रोटक सारांश काढला आणि मूळ अहवाल बाजूला ठेवला. तो बाहेर यायला माहिती अधिकार वापरावा लागला. रोज दुसऱ्यांची कागदपत्रं बाहेर काढणाऱ्या धंद्याने स्वतःचा कागद दडवला, याचा मला आजही राग येतो.

शिक्षा होतच नाही असंही नाही. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातम्यांचा, खर्च दाखवला नाही म्हणून आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. देशातलं ते पहिलं प्रकरण. पण त्यात पडल्या त्या उमेदवार. पैसे घेणाऱ्यांचं काही बिघडलं नाही.

याचं गणित सोपं आहे. विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून ४० लाखांची खर्चमर्यादा आहे. जाहिरात दिली की बिल होतं आणि ती रक्कम मर्यादेत धरली जाते. बातमी म्हणून छापून आणली की बिल नाही, मर्यादा नाही, आणि वाचकाचा विश्वास वर फुकट. पेपरवाल्यालाही रोख मिळते. दोघंही खूश. मध्ये तुम्ही तेवढे चार-पाच रुपये देऊन जाहिरात विकत घेता.

ओळखायचं कसं? हा मजकूर डेस्कवर जाहिरात विभागाकडून येतो, सोबत निरोप असतो, ‘हात लावायचा नाही’. म्हणून त्यात उपसंपादकाची कात्री दिसत नाही. आमच्या हाताखालून गेलेल्या बातमीत ‘झंझावाती’, ‘जनसागर उसळला’, ‘विकासाचा महामेरू’ असले शब्द शिल्लक राहिले असते तर सकाळी वृत्तसंपादकांनी विचारलं असतं. अशा मजकुरात बातमीदाराचं नाव नसतं, विरोधकाचं तर नसतंच, आणि फेरीत सामील झालेल्या पन्नास कार्यकर्त्यांची नावं मात्र ‘आदी उपस्थित होते’पर्यंत असतात. कधी कधी अक्षराचा टाइपही शेजारच्या बातमीपेक्षा वेगळा असतो. निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समिती बसते. दोन्ही पेपरांची कात्रणं तारखेसकट तिकडे द्या. तुमच्यासारखी शब्द न् शब्द सारखी कात्रणं हा त्यातल्या त्यात भक्कम पुरावा असतो.

प्रश्न : माझं रेशन दुकान आहे. गळ्यात आयकार्ड, गाडीवर ‘प्रेस’ लिहिलेला एक जण येतो, मोबाइलवर शूटिंग करतो आणि बाजूला घेऊन म्हणतो, ‘बातमी लावायची की मिटवायचं?’ पाच हजार मागतोय. द्यावेत का?
– दुकानदार, चोपडा तालुका

देऊ नका. यंदा दिलेत की दर दिवाळीला येईल, आणि पुढच्या दिवाळीला आणखी दोघांना घेऊन. बातमीची भीती घालून पैसे मागणं ही सरळ सरळ खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये बसते. पुढच्या खेपेला तुम्हीही मोबाइल काढा, बोलणं रेकॉर्ड करा आणि पोलीस ठाणं गाठा. आयकार्डाला घाबरायचं कारण नाही. आपल्याकडे पत्रकारितेला परवाना लागत नाही, त्यामुळे कार्ड कोणीही छापून गळ्यात घालतं. सरकारची अधिस्वीकृती माहिती खात्याकडून मिळते, ती थोड्याच जणांकडे असते, आणि तीही पैसे मागण्यासाठी नसते.

आता एक आगाऊ प्रश्न विचारते, राग मानू नका. त्याच्या मोबाइलमध्ये आहे काय? काटा बरोबर असेल, ई-पॉसची पावती प्रत्येक कार्डधारकाच्या हातात पडत असेल, तर खुशाल दाखवू द्या. तसं नसेल तर तुमचं दुखणं वेगळं आहे आणि ते पाच हजारांत बरं होणार नाही. असा माणूस जिथे झाकलेलं असतं तिथेच वास काढत जातो. पुष्कळदा त्याच्याकडची माहिती खरी असते. तो ती विकतो, तीही ज्याच्या विरोधात आहे त्यालाच. त्यात नागवला जातो तो तिसरा, म्हणजे तुमचा कार्डधारक, ज्याला आपलं धान्य कुठे गेलं हे कधीच कळत नाही.

हा माणूस येतो कुठून, तेही सांगते. सगळेच बोगस नसतात. काही जण खरोखर एखाद्या दैनिकाचे तालुका वार्ताहर असतात. वार्ताहराला पगार नसतो, मानधन असतं, आणि ते मोटारसायकलच्या पेट्रोललाही पुरत नाही. उलट वर्षाचं जाहिरातीचं टार्गेट त्याच्या डोक्यावर असतं. पत्रकारांच्या पगारासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उचलून धरल्या, पण तालुक्याचा वार्ताहर कागदोपत्री बहुधा पेपरचा नोकरच नसतो, मग त्याला कुठला आयोग?

त्याचं पोट भरतं ते वाढदिवसाच्या पुरवणीवर. साहेबांचा वाढदिवस महिन्यावर आला की वार्ताहर यादी घेऊन निघतो : बाजार समितीचे सभापती, दूध संघाचे संचालक, ठेकेदार, सरपंच, दोन पतसंस्था. कोणी पाव पान घेतं, कोणी पट्टी, कोणी ‘शुभेच्छुक’ म्हणून नुसतं नाव. फोटो मागायला चार चकरा. जाहिरात छापून आली की अर्धे जण फोन उचलत नाहीत. पेपरच्या खात्यात बाकी मात्र वार्ताहराच्या नावावर, कमिशन त्यातून वळतं. आता सांगा, ज्या ठेकेदाराकडे याचे बारा हजार अडकलेत, त्याने केलेल्या रस्त्याला पहिल्याच पावसात खड्डे पडले तर हा बातमी कशी देणार? आणि दिली तर लोक काय म्हणणार? ‘पैसे मिळाले नाहीत म्हणून लावली.’ दोन्हीकडून मेला.

म्हणून मला ६ जानेवारीच्या पत्रकार दिनाच्या भाषणांचा कंटाळा येतो. १८३२ मध्ये या तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, त्यांच्या फोटोला हार, मग ‘चौथा स्तंभ’ या विषयावर आमदारांचं मार्गदर्शन, शेवटी प्रत्येकाला बॅग, डायरी आणि थर्मास. वार्ताहराला किती देता, हे त्या व्यासपीठावर मालक-संपादकांना विचारलेलं मी कधी ऐकलं नाही.

प्रश्न : आमच्या पाड्यावरच्या एका कुपोषित बाळाचा फोटो पेपरात आणि चॅनेलवर आला. उघडं अंग, बरगड्या, आईचा चेहरा, नाव, पाडा, सगळं. बाळ आता बरं आहे. आई बाजाराला गेली की लोक बोट दाखवतात. तिने मला विचारलं, ‘सर, माझ्याच पोराचा का काढला?’ काय उत्तर देऊ?
– प्राथमिक शिक्षक, अक्राणी तालुका

तिला खरं सांगा : कारण तिने नाही म्हटलं नाही. आणि नाही म्हणता येतं हे तिला कोणी सांगितलं नाही.

फोटो काढणाऱ्याची बाजू मला ठाऊक आहे. तो म्हणेल, नंदुरबारच्या कुपोषणाची नुसती आकडेवारी दिली तर मुंबईत कोणी मान वर करत नाही; बरगड्या दिसल्या की विधानसभेत प्रश्न येतो, मंत्र्यांचा दौरा लागतो. हे खोटं नाही. पण मग मी त्याला विचारते, जळगावच्या एखाद्या डॉक्टरच्या किंवा तहसीलदाराच्या आजारी पोराचा असा उघडा फोटो नावासकट छापला असता का? हात धजला नसता. आदिवासी बाईच्या बाबतीत धजतो, कारण ती दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन टेबलावर पेपर आपटणार नाही.

दुसरं काय छापता आलं असतं? कितीतरी. अंगणवाडी सेविका बाळाच्या दंडाला जी पट्टी लावते तिच्यावर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे असतात. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेलं की लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. लाल पट्ट्यावर थांबलेला तेवढा दंड दाखवा, चेहरा नको. आरोग्य केंद्रातली डॉक्टरांची रिकामी खुर्ची, कुलूपबंद दार, रिक्त पदांचा कागद. नर्मदाकाठच्या पाड्यांसाठी बोटीतला दवाखाना आहे. तो त्या आठवड्यात किती दिवस फिरला, ते रजिस्टर. या फोटोंना मेहनत लागते आणि त्यात ज्याने जाब द्यायचा त्याचं नाव येतं. बरगड्यांच्या फोटोत नाव येतं ते आईचं. जणू तिनेच काहीतरी केलं.

आईने संमती दिली होती असं ते म्हणतील. तिला पावरी येते. प्रश्न मराठीत विचारला होता की पावरीत, एवढं शोधून ठेवा. मग तो फोटो वेबसाइटवरून काढा किंवा चेहरा धूसर करा असं संपादकांना लेखी कळवा, अर्जावर आईचा अंगठा आणि खाली तुमची सही. माझ्या अनुभवात अशा अर्जावर फोटो काढले जातात, कारण संपादकांनाही आतून ठाऊक असतं.

प्रश्न : ताई, पेपरमा छापेल बी खोटं ऱ्हास का?
– शेतकरी, शिरपूर

ऱ्हास भाऊ, ऱ्हास. असतं खोटं. पण सगळं नाही, आणि कुठलं ते बऱ्याचदा वाक्यातच दिसतं. ‘पोलीस निरीक्षकांनी सांगितले’, ‘ग्रामसेवकांनी दिलेल्या माहितीनुसार’ असं असेल तर निदान धरायला माणूस आहे. ‘बोलले जात आहे’, ‘चर्चा आहे’, ‘संशयाची सुई वळली आहे’, ‘नागरिकांतून संताप व्यक्त होत आहे’ असं असेल तर विचारायचं, कोण बोलतंय? किती नागरिक? रात्री अकरा वाजता मी फोन करून हेच विचारलं की पलीकडून उत्तर यायचं, ‘ताई, टपरीवर दोघं-तिघं बोलत होते.’ त्यातला एक तो स्वतः. ‘सूत्रांनी सांगितले’ ही वेगळी गोष्ट. नोकरी जाईल म्हणून नाव न देणारा कारकून खरोखर असतो आणि त्याला सांभाळणं पत्रकाराचं कामच आहे. पण त्याचं नाव निदान संपादकाला माहीत हवं, आणि त्याने सांगितलेलं दुसऱ्या कोणाकडून पडताळलेलं हवं.

प्रश्न : मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे. पुष्पक एक्स्प्रेसच्या अपघाताच्या दिवशी आम्ही गावातलेच, मोबाइलवर सतत लिहीत होतो. सर म्हणतात, आधी खात्री करा. पण तोपर्यंत दुसरे टाकून मोकळे होतात. काय करायचं?
– विद्यार्थी, पाचोरा

तू विचारलंस ते अगदी योग्य घटनेवरून विचारलंस. २२ जानेवारी २०२५ ला परधाड्याजवळ जे झालं त्याचं मूळच खात्री न केलेली बातमी होती. आग लागली असं डब्यात कोणीतरी ओरडलं, चेन ओढली गेली, माणसं शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली. आग नव्हती.

आता तिथे पोचलेल्या पत्रकाराची परिस्थिती बघ. ज्याला विचारावं तो सांगतो, आग होती. तो खोटं बोलत नसतो, घाबरलेला असतो. दहा जणांनी तेच सांगितलं तरी ते दहा साक्षीदार होत नाहीत, एकाच आरोळीचे दहा पडसाद असतात. अशा वेळी एकच प्रश्न कामाला येतो : ‘तुम्ही स्वतः पाहिली?’ ‘नाही, पुढच्या डब्यातले म्हणाले.’ मग पुढच्या डब्यात जायचं. तिथेही तेच उत्तर आलं की तुझी बातमी सापडली. तिचं शीर्षक ‘आगीची अफवा’ असं होतं, आणि ती ‘आग’ म्हणणाऱ्यापेक्षा दहा मिनिटं उशिरा गेली तर बिघडत नाही.

मृतांच्या आकड्याचंही तसंच. पोलीस एक सांगतात, रेल्वे एक, रुग्णालय तिसरा. तिघांचे आकडे तिघांच्या नावाने, वेळेसकट दे. सगळ्यात मोठा आकडा उचलून ‘ब्रेकिंग’ करणारे असतात. त्यांना त्या आकड्यातला माणूस जिवंत निघाला तर त्याच्या घरी काय झालं असेल हे कळत नाही.

आणि धुळे जिल्ह्याने याआधी जे पाहिलं ते तुमच्या वर्गात शिकवलं पाहिजे. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षेकरी, पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारली. अफवा त्याआधीपासून व्हॉट्सॲपवर फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीला करावंसं वाटलं, आपल्याला? अशा अफवांच्या दिवसांत स्थानिक पेपर-पोर्टलांवर ‘मुले पळविणारी टोळी सक्रिय?’ असे मथळे बघायला मिळतात. शेवटी प्रश्नचिन्ह. ते लावलं की आपण काही ठाम म्हटलं नाही अशी समजूत. बाजारात गर्दीत उभा असलेला माणूस प्रश्नचिन्ह वाचत नाही. त्या दिवसांत तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन ‘या महिन्यात मूल पळवल्याचे किती गुन्हे दाखल?’ एवढं विचारून आलेलं उत्तर चार कॉलमात लावणं, ही बातमी. ती कंटाळवाणी असते. पण तीच लावायची असते.

दुसरे टाकून मोकळे होतील, होऊ दे. तुझ्या नावावर कोणी दगड उचलला नाही, एवढं तुला पुरे असायला हवं.

प्रश्न : माझ्या भावाने आत्महत्या केली. दुसऱ्या दिवशी पेपरात कशी केली ते सगळं वर्णन, घराचा फोटो आणि ‘दारूच्या व्यसनातून’ असं कारण. तो दारू प्यायचाच नाही. डोक्यावर सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज होतं. आई अजून ते कात्रण काढून बघते. आता काही करता येतं का?
– एक बहीण, भुसावळ तालुका

ताई, करता येतं, थोडं. आधी हे कारण कसं येतं ते सांगते, म्हणजे ते तुमच्या भावाविषयी कोणी ठरवून लिहिलं नव्हतं हे आईला सांगता येईल. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. रोज संध्याकाळी क्राइम रिपोर्टर ती नोंद बघतो. त्यात कारणाचा रकाना बहुधा कोरा असतो. मग ठाणे अंमलदार म्हणतो, ‘असेल काहीतरी, दारूबिरू.’ बातमीत ‘असेल काहीतरी’ गळतं आणि उरलेलं छापलं जातं. ‘नैराश्यातून’, ‘कौटुंबिक वादातून’, ‘प्रेमप्रकरणातून’ ही सगळी याच रकान्यात भरायची तयार कारणं. आत्महत्येचं कारण संध्याकाळी सहाला सापडत नसतं. एक कारणही नसतं.

प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : बातमी ठळक लावू नये, पद्धत आणि जागेचं वर्णन करू नये, फोटो वापरू नये. त्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवर बेतलेल्या आहेत आणि त्यामागे अभ्यास आहे. तपशील वाचून त्याच वाटेने जाणारे असतात. मुंबई उच्च न्यायालयानेही जानेवारी २०२१ मध्ये, एका अभिनेत्याच्या मृत्यूवरून वाहिन्यांनी चालवलेल्या तमाशाबद्दलच्या निकालात, हेच बजावलं. आपल्या जिल्ह्यातली पानं बघा. किती जणांनी या सूचना वाचल्या असतील?

तुम्ही आधी संपादकांना लेखी पत्र द्या : कोणतं वाक्य खोटं, खरं काय, खुलासा छापा. पोच घ्या. दाद नाही दिली तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार जाते. दैनिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने, म्हणून उशीर नको. कौन्सिल पेपरला समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते. दंड किंवा शिक्षा करू शकत नाही, आणि चॅनेलं तिच्या कक्षेत नाहीत. हे ऐकून तुम्हाला वाटेल, मग उपयोग काय? तुमच्या बाबतीत मला वाटतं उपयोग आहे. शेतकरी आत्महत्येच्या मदतीची फाइल तलाठी, पोलीस, बँक यांच्या कागदांवर ठरते, कात्रणावर नाही. पण गाव कात्रणच वाचतं. त्याच पेपरात छापलेला दोन ओळींचा खुलासा आईच्या हातात असायला हवा.

आणि आईला एकटीला फार वेळ ठेवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्हीही फोन करू शकता.

प्रश्न : मुलाला अटक झाली तेव्हा पहिल्या पानावर फोटो. आठ वर्षांनी निर्दोष सुटला तेव्हा एक ओळ नाही. स्थळ आलं की मुलीकडचे मोबाइलवर नाव टाकून बघतात.
– वडील, जामनेर

अटक सोपी बातमी आहे, पोलीस फोटोसकट आणून देतात. सुटकेची बातमी मिळवायला कोर्टात जाऊन निकालपत्र वाचावं लागतं, आणि तोवर मूळ बातमी देणारा दुसऱ्या पेपरात गेलेला असतो. हे कारण आहे, सबब नव्हे. आरोपीला ‘नराधम’ म्हणायला आपल्याकडे निकालाची वाट बघत नाहीत. जळगावकरांना १९९४ चं लैंगिक शोषणाचं प्रकरण आठवत असेल. कोर्टात कोण दोषी, कोण निर्दोष हे ठरायला वर्षं गेली, पण ‘मुलगी जळगावची का?’ हा प्रश्न स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांनी लगेच सुरू केला होता. ज्यांचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, त्या मुलींनी तो ऐकला.

निकालाची प्रमाणित नक्कल काढा. ती जोडून संपादकांना लिहा, आणि वेबसाइटच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो त्यावरही पाठवा. जुनी बातमी काढून टाका म्हणालात तर घासाघीस होईल. ‘विसरले जाण्याच्या हक्का’बाबत आपल्याकडे कोर्टांचं एकमत झालेलं नाही. त्यापेक्षा त्याच बातमीच्या डोक्यावर ‘या प्रकरणात अमुक तारखेला न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली’ ही ओळ चढवा म्हणा. याला नाही म्हणायला संपादकांना तोंड नसतं. मुलीकडच्यांना पहिल्यांदा तीच दिसेल.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर केळीच्या बागेत बसलेल्या बिबट्याचा फोटो आला. एका पोर्टलने लगेच बातमी लावली. पोरं म्हणतात, हा कॉम्प्युटरने बनवलेला आहे. कसं कळणार?
– केळी उत्पादक, यावल

पंजे मोजा, मिशा बघा वगैरे युक्त्या सांगतात, पण ही यंत्रं दर महिन्याला सुधारतायत, त्यांच्या भरवशावर राहू नका. फोटो कोणी काढला ते विचारत मागे जा. ‘मला अमक्याने पाठवला’ असं तीन माणसांनी सांगितलं आणि बाग कोणाची हे एकालाही सांगता आलं नाही, तर सोडून द्या. त्या पोर्टलवाल्यालाही हाच फोन करता आला असता. बाग सापडलीच तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, माणसं येऊन पायाचे ठसे बघतील. आणि रात्रीची लाइट आली म्हणून केळीला पाणी भरायला एकटे जाऊ नका. फोटो खोटा निघाला तरी यावलच्या जंगलात बिबटे खरे आहेत.